थांबाबाईंची प्लेट

पोलादाच्या जाड प्लेटा लाटणाऱ्या कारखान्यात मी धातुतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा माझं माझ्याबद्दलचं मत फार चांगलं होतं. त्याआधीची सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली होती. तिथे मी तळहाताएवढे पोलादाचे तुकडे तापवायचे, दाबायचे, भिंगाखाली बघायचे आणि त्यांवर निबंध लिहायचे. ते निबंध वाचणारी माणसं मोजकीच, आणि सगळी एकमेकांची पाठ थोपटणारी. त्यामुळे आपल्याला बरंच कळतं, हा समज माझ्यात चांगला मुरला होता.

कारखान्यात माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, उत्पादनप्रमुख होते. कंपनीचं घर मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहत होते. ताई दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना, मधल्या मजल्यावर संसार आणि वरच्या खोलीत मी. नात्यातला माणूस वरच्या जागेवर आहे म्हणजे आपलं काम सोपं होईल, असं मला वाटलं होतं. एवढ्यावरूनच माझ्या व्यवहारज्ञानाची कल्पना यावी.

मला बोलावलं होतं एका ठरावीक कामासाठी. एका ग्राहकाला कडाक्याच्या थंडीत उभ्या राहणाऱ्या टाक्यांसाठी प्लेटा हव्या होत्या. साधं पोलाद तसल्या थंडीत काचेसारखं वागतं. धक्का बसला की वाकायच्या ऐवजी फुटतं. ते टाळायचं तर पोलादाच्या आतले कण बारीक हवेत, आणि त्यासाठी लाटायची पद्धत बदलावी लागते. नेहमीच्या पद्धतीत भट्टीतून लालभडक स्लॅब, म्हणजे पोलादाचा जाड ठोकळा, निघाला की तो रोलांमधून पुढेमागे फिरवत गरमागरम लाटून मोकळं व्हायचं. माझ्या पद्धतीत अर्धवट लाटून झालं की थांबायचं. प्लेट साडेआठशे अंशांच्या आसपास उतरू द्यायची, मग उरलेलं लाटायचं आणि लगोलग पाण्याच्या फवाऱ्याखाली घालायची. फार गरम असताना दाबलं तर दबलेले कण पुन्हा नव्याने तयार होतात आणि फुगतात. केलेली मेहनत पाण्यात. थोडं निवल्यावर दाबलं तर त्यांना तेवढी सवड मिळत नाही. ते चपटे राहतात आणि पुढे निवताना त्यांच्यातून बारीक कण जन्माला येतात.

हे मी इथे थोडक्यात सांगितलं. कारखान्यात सांगायला अख्खी दुपार घेतली होती.

व्याख्यान संपल्यावर भाऊजींनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे प्लेट नुसती पडून राहणार?"

"पडून नाही. थांबणार."

"आणि तिच्या मागच्या?"

"त्याही थांबणार."

"आणि महिन्याचं उत्पादन कमी भरलं म्हणून वरून मला बोलावतील, तेव्हा ते पण थांबतील का?"

लोक हसले. मी मनातल्या मनात भाऊजींना अडाणी ठरवून टाकलं. त्यांना मात्र रोज पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत किती पोलाद बाहेर पडलं याचा जाब द्यावा लागायचा. रोल रिकामे फिरताना दिसले की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. तशीच ती घरी जेवताना टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळी उडतानाही मी पाहिली होती. रिकामा वेळ म्हणून त्यांना सहन होत नसे.

पहिल्या चाचणीला ग्राहकाचा निरीक्षक आला. शांत, वयस्कर गृहस्थ. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, आणि कशालाही उत्तर एकच, "बरं." रोलांच्या वर काचेची केबिन असते, तिथून चालक प्लेट पुढेमागे नेतो. आमच्या चालकाला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. त्या केबिनमध्ये मी, पैलवान, निरीक्षक आणि भाऊजी असे दाटीवाटीने उभे राहिलो.

मी पैलवानाला बजावलं, "मी सांगितल्याशिवाय लाटायचं नाही. काहीही झालं तरी. सगळा खेळ तापमानाचा आहे."

"ठीक आहे बाई," तो म्हणाला.

प्लेट अर्धवट लाटून झाली आणि रोलरच्या वाटेवर थांबली. पिवळसर लाल, वर हवा थरथरतेय. निरीक्षकांनी सहज विचारलं, "नेमकं इथेच का थांबवायचं?"

आता असा प्रश्न मला विचारू नये. मी काचेवर बोटाने कण काढून दाखवले. गोल कण, चपटे कण. मग कणांच्या सीमारेषा. मग चिमूटभर मिसळलेल्या धातूची त्या सीमारेषांवर कशी पहाऱ्यासारखी नेमणूक असते ते. काच पुरली नाही म्हणून दुसऱ्या काचेकडे वळले. मधेच पैलवान "बाई" म्हणाला. मी हात वर करून त्याला गप्प केलं. मग भाऊजी खाकरले. मला वाटलं, धुळीने. योग्य क्षण चुकला तर काय अनर्थ होतो, या मुद्द्यावर मी आले, वळून पाहिलं, आणि प्लेट निवून, कडक होऊन काळवंडली होती.

इथे शहाण्या बाईने प्लेट सोडून दिली असती. मी म्हणाले, "आता घ्या."

पैलवानाने माझ्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि घेतली. रोलांनी असा आवाज काढला की केबिनची फरशी पायाखाली हलली. प्लेटचं तोंड वर वळलं, आणखी वळलं, आणि ती धड ना आत, ना बाहेर अशी रोलांमध्ये रुतून बसली. मोटर बंद पडली. सगळीकडे शांतता. त्या शांततेत निरीक्षक म्हणाले, "बरं."

गॅसच्या ज्योतीने कापून कापून ती प्लेट बाहेर काढेपर्यंत पाळी संपली. रोल बदलावे लागले. भाऊजी मला एक शब्द बोलले नाहीत. घरी जेवतानाही नाहीत. मीठ माझ्यासमोर होतं, ते त्यांनी ताईकडे मागितलं. ताईने ते माझ्यासमोरून उचलून त्यांना दिलं आणि म्हणाली, "दिवसभर मी लोकांना तोंड उघडायला सांगते. घरी तुम्ही दोघं मिटून बसा, म्हणजे हिशेब बरोबर होईल."

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत माझ्या पुढचा माणूस मागे न बघता म्हणाला, "सरक लवकर, थांबाबाई यायच्या आत." मी मागेच होते. त्याने वळून पाहिलं आणि स्वतःचा चहा माझ्या हातात देऊन निघून गेला. अशा रीतीने माझं बारसं झाल्याचं मला कळलं.

दुसरी चाचणी भाऊजींनी नाइलाजाने लावली, कारण ग्राहकाला नाही म्हणायची सोय नव्हती. या वेळी मी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरवून गेले. पण दुधाने तोंड पोळलं होतं. प्लेट थांबली, पडद्यावरचा तापमानाचा आकडा उतरू लागला. पुन्हा रुतली तर? पुन्हा सगळं बंद पडलं तर? भाऊजी मागे उभे राहून बुटाचं टोक जमिनीवर आपटत होते. आकडा अजून बराच वर असताना मी म्हणाले, "घ्या."

पैलवान म्हणाला, "आत्ताच?"

"घ्या म्हटलं ना!"

प्लेट लोण्यासारखी लाटली गेली. पाण्याखालून वाफेचे ढग उडवत बाहेर आली, सरळसोट, एकही लाट नाही. पैलवानाने टाळी दिली. भाऊजी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी ताईला फोन करून जेवायला काहीतरी चांगलं करायला सांगितलं. मीही हसले. प्लेट दिसायला चांगली झाली म्हणजे पोलाद चांगलं झालं, असं एखाद्या शिकाऊ पोराने म्हटलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. त्या दिवशी मी स्वतःच तसं मानून घेतलं. सुटकेचा आनंद माणसाला इतका मूर्ख बनवतो.

चाचणीघरात त्या प्लेटचे बोटाएवढे तुकडे कापले, प्रत्येकाला मधोमध खाच पाडली आणि ते गारठवले. मग एकेक तुकडा टेकूवर ठेवून त्यावर वरून जड हातोडा लंबकासारखा झोकायचा. पोलाद चांगलं असेल तर तुकडा वाकतो, फाटता फाटत नाही आणि हातोड्याचा जोर खाऊन टाकतो. निरीक्षकांनी मला एक पेपरमिंट दिली, एक स्वतः तोंडात टाकली. चाचणीघरातल्या बाईंनी कळ सोडली.

हातोडा आला, तुकडा कटकन मोडून दोन दिशांना उडाला आणि हातोडा जणू वाटेत काही आडवं आलंच नाही अशा थाटात पलीकडे निघून गेला. मी दात आवळले. गोळी फुटली. गोळीबरोबर माझी दाढही फुटली.

बाकीचे तुकडेही तसेच उडाले. तुटलेली कड साखरेसारखी चमकत होती. मी गालावर हात धरून उभी होते आणि निरीक्षकांना वाटलं मी रडतेय. "बरं, बरं," ते म्हणाले. मग बिचाऱ्यांनी पहिल्यांदाच 'बरं'च्या पुढे जाऊन उत्तर दिलं. "पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, पण तेवढंच. त्यानंतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "हे बघ, मी भांडत नाही. तू म्हणतेस तेवढं थांबलो, तर एरवी तीन प्लेटा निघतात तेवढ्या वेळात एकच निघते. नाही थांबलो, तर तुकडे उडतात. थांबून ऑर्डर पुरी केली तर बाकीच्या सगळ्या ऑर्डरी बुडतात. मग सांग, मी काय करू?"

प्रयोगशाळेत तुकडा थांबला की मी कॉफी प्यायला जायचे. थांबण्याची कुणाला काही किंमत मोजावी लागते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. रात्रभर दाढ ठणकत होती, आणि खरं सांगायचं तर राजीनाम्याचा मजकूरही जुळवून झाला होता. मजकूर फार छान होता. त्यात माझी काहीच चूक नव्हती.

सकाळी ताईने मला दवाखान्याच्या खुर्चीत आडवं केलं. दाढ पाहून म्हणाली, "अर्धी गेली. काय खाल्लंस?"

"पेपरमिंट."

"पेपरमिंट चघळतात. तुला तेवढाही धीर नाही, आणि तू पोलादाला धीर शिकवतेस."

तिने इंजेक्शन दिलं. "आता बधिर होईपर्यंत थांब," म्हणाली आणि चक्क मला सोडून निघून गेली. मला राग आला. सख्खी बहीण, आणि मी छातीवर कागदी रुमाल बांधून छताकडे बघत पडलेली. पलीकडच्या खुर्चीजवळून तिचा आवाज आला, "आ करा. मोठा." तिथे ती कुणाच्या तरी दातात काहीतरी भरत होती. ते भरून झालं, ते घट्ट व्हायला वेळ हवा, म्हणून ती तिसऱ्या माणसाचा एक्स-रे बघायला गेली. तिथून परत येऊन माझ्या गालावर टिचकी मारली. "लागतंय?"

"थोडं."

"मग थांब अजून." की पुन्हा पलीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्यात तीन माणसं थांबली होती, आणि ताई क्षणभरही थांबली नव्हती.

मी उठून बसले. "बस खाली!" ताई ओरडली. मी पर्समधून फोन काढला आणि भाऊजींना लावला. एव्हाना अर्धं तोंड माझं राहिलं नव्हतं.

"भाऊझी! एक फ्लेट थांबली की थांबू द्या! तोवर दुफरी घ्या!"

"काय घेऊ?"

"दुफरी!"

"दुपारी? दुपारी काय घेऊ? तू बरी आहेस ना?"

"दुफरी! मग तिफरी!"

"ताईला फोन दे," भाऊजी घाबरून म्हणाले.

ताईने हातमोजे न काढता दोन बोटांत फोन धरला. "अहो, ती शुद्धीत आहे. नेहमीइतकी. ती म्हणतेय, एक प्लेट थांबलेली असताना दुसरी घ्या, मग तिसरी. ... मला काय माहीत? मी करते तसं म्हणत असेल. एकाला इंजेक्शन देऊन बसवायचं आणि तोवर दुसऱ्याचं काम करायचं. ... हो, रोजच. नाहीतर मी दिवसाला चार पेशंट बघेन आणि तुमच्या घराचे हप्ते कोण भरेल?"

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग भाऊजींनी विचारलं, "एका वेळी किती खुर्च्या?"

यात मी काही शोध लावला, असं कुणी समजू नये. ही युक्ती जगात जुनी आहे. माझ्याच कपाटातल्या एका पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं, कारण नाव 'उत्पादनाचं नियोजन' असं होतं आणि ते माझ्या लायकीपेक्षा खालचं वाटलं होतं.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं बसलो. चमचे म्हणजे प्लेटा, सुरी म्हणजे रोल. अडचण लगेच दिसली. पहिली प्लेट लाटून पुढे सरकवली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. आता पहिली निवली, पण तिला रोलांकडे परत यायचं तर वाट मागच्या दोघींनी अडवलेली. मी चमचे तीनदा हलवले आणि हात टेकले. भाऊजी मात्र डोळे बारीक करून बघत होते. हा माणूस असा सुखात मी कधी पाहिला नव्हता.

"बाजूला एक जुनी वाट आहे," ते म्हणाले. "साखळ्यांवरून प्लेट आडवी सरकवायची. बंद पडलीय. तिथे हल्ली मोडक्या खुर्च्या ठेवतात."

त्यांनी एक चमचा उचलून बशीच्या कडेला ठेवला. दुसरा पुढे घेतला. मी प्रत्येक चमचा कितपत निवला असेल ते सांगत गेले, ते जागा लावत गेले. "नाही भाऊजी, हा आता थंड पडला." "मग याला आधी घेऊ." "घ्या. पण मग तो वरचा?" "त्याला राहू दे, त्याला वेळ आहे." ताई दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "खेळून झालं की धुऊन ठेवा."

तिसऱ्या चाचणीपर्यंत मोडक्या खुर्च्या हलल्या आणि साखळ्यांना तेल पडलं. माझा गाल सुजून टम्म झाला होता, बोलायची सोय नव्हती, त्यामुळे निरीक्षकांनी काही विचारलं की मी पडद्याकडे बोट दाखवायचे. सगळ्यांच्या मते ही माझी आतापर्यंतची सर्वोत्तम समजावणी होती.

पहिली प्लेट अर्धी लाटून साखळ्यांवरून बाजूला गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी. रोल एकदाही रिकामे फिरले नाहीत. पहिली परत आली तेव्हा पडद्यावरचा आकडा मला हवा होता तिथेच होता. मी मान हलवली. रोल गुरगुरले. मोटरवरचा भार चढला, चढत गेला, आणि माझ्या हाताची बोटं आपोआप भाऊजींच्या बाहीत रुतली. पैलवान सीटच्या अगदी कडेवर बसून ओठ चावत होता. भार थांबला. प्लेट पलीकडे निघाली, पुन्हा आत आली, पुन्हा निघाली आणि पाण्याच्या पडद्याखाली शिरली. तिच्यामागून दुसरी. भाऊजींनी माझी बोटं बाहीतून सोडवली. "अगं, शर्ट फाटेल," ते हळूच म्हणाले.

चाचणीघरात या वेळी मी पेपरमिंट घेतली नाही. हातोडा आला, तुकड्यावर आदळला, आणि पलीकडे जेमतेम थोडासा जाऊन दमल्यासारखा परत फिरला. तुकडा वाकला होता. दोन भाग एकमेकांना चिकटून होते, तुटलेली जागा राखाडी आणि तंतूतंतू. बाईंनी तो चिमट्याने उचलून निरीक्षकांसमोर धरला. ते बराच वेळ बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले, आणि सही केली.

पुढच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "प्लेटा आळीपाळीने थांबवायची कल्पना कुणाची?" मी सुजलेला गाल सावरून, विनयाने खाली बघायच्या तयारीत होते.

"माझ्या बायकोची," भाऊजी म्हणाले.

साहेबांनी डोळे मिचकावले. "त्या पण धातुतज्ज्ञ?"

"दातांच्या डॉक्टर आहेत. बाकी लाटायची पद्धत आमच्या थांबाबा..." भाऊजींनी जीभ चावली. "आमच्या बाईंची."

खोलीत कुणी हसलं नाही, आणि त्यामुळे ते जास्त ऐकू आलं. मला वाईट वाटेल अशी मी अपेक्षा केली होती. मी त्यासाठी मनात जागाही करून ठेवली होती. पण प्लेट रोलांतून पार झाली तेव्हाचा आनंद अजून उतरला नव्हता, त्यामुळे वाईट वाटायला जमलं नाही. तेव्हापासून पाळी सुरू होताना पैलवान विचारतो, "आज साधं लाटायचं, की दवाखाना लावायचा?" पद्धतीला तेच नाव पडलं.

त्या ऑर्डरची शेवटची प्लेट निघायची होती त्या दिवशी ताई कारखान्यात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भाऊजींनी तिला हेल्मेट घातलं, हनुवटीखाली पट्टा स्वतः लावला आणि मग तो नीट बसलाय का ते पुन्हा पाहिलं. साखळ्यांवर एक लाल प्लेट थांबली होती. दुरूनही तिची धग तोंडाला लागत होती. ताई तिच्याकडे अशी बघत राहिली की भाऊजी प्लेटकडे बघायचं सोडून ताईकडेच बघायला लागले.

"ही आता काय करतेय?" तिने विचारलं.

आणि भाऊजींनी सांगायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, बोटं जुळवून, कण गोल कसे असतात, चपटे कसे होतात. बरंचसं बरोबर होतं. मधेच त्यांनी सांगितलं की थंडीने कण आक्रसतात म्हणून ते बारीक होतात. हे साफ चूक आहे. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं.

"बरोबर ना?" भाऊजींनी वळून मला विचारलं. कपाळावर घाम, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

तेवढ्यात वरून पैलवानाने भोंगा वाजवला, प्लेट हलली, आणि ताईने भाऊजींचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.